नाव मोठं, सिलॅबस केवढा?

फायनल इयरची सबमिशन्स संपत आली की कॉलेजच्या कट्ट्यावर एकच विषय उरतो, 'पुढे काय?' कॅम्पसमध्ये ऑफर लेटर मिळालेले जरा निवांत असतात. न मिळालेले गेटच्या पुस्तकांचे फोटो स्टेटसला टाकतात. आणि दोघांच्याही मोबाइलवर दर अर्ध्या तासाने तीच जाहिरात येत असते, 'सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट व्हा, जॉब गॅरंटी', आणि खाली मुंगीच्या अक्षरात 'अटी लागू'. तुम्ही बीई कॉम्प्युटरला असा, बीसीएसला असा की बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला, या जाहिरातीने तुम्हाला गाठलेलं असणारच. एव्हाना आत्या-मामांनीही सांगून झालेलं असतं, 'डेटाला फार स्कोप आहे म्हणे.'

स्कोप आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'डेटा' या एका शब्दाखाली आज इतक्या पदव्या, डिप्लोमे आणि सर्टिफिकेटं विकली जातायत, की घरच्यांनी एफडी मोडून भरलेली फी नेमकी कशासाठी होती हे दोन वर्षांनी कळावं, अशी वेळ येऊ शकते. म्हणून अर्ज भरायच्या आधी हे प्रकरण जरा उलगडून बघू.

आधी 'बिग' म्हणजे किती बिग? ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर पहिल्यांदाच एका महिन्यात एक हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्या महिन्याचे सेकंद मोजा, साधारण २७ लाख भरतात. म्हणजे दर सेकंदाला सरासरी पावणेचार हजारांच्या वर व्यवहार, आणि सरासरी फसवी असते. पहाटे तीनला कोण वडापाव खातंय? संध्याकाळी सातला मात्र अख्खा देश क्यूआर कोडसमोर मोबाइल धरून उभा असतो. प्रत्येक व्यवहार काही सेकंदांत व्हायला हवा, पैसे दोनदा कापले जाता कामा नयेत, मधेच एखादं मशीन बंद पडलं तरी हिशेब चुकायला नको. हा झाला कॉम्प्युटर सायन्सचा भाग. आणि या कोट्यवधी व्यवहारांतून फसवणुकीचे हजारभर व्यवहार हुडकायचे, तेही साध्यासुध्या गिऱ्हाइकाचं कार्ड विनाकारण ब्लॉक न करता, हा झाला संख्याशास्त्राचा भाग. चांगला अभ्यासक्रम या दोन्ही पायांवर उभा असतो. लंगडा अभ्यासक्रम कुठल्याच पायावर नसतो, तो फक्त टूल्सची नावं पाठ करून घेतो.

मतमोजणीचं टेबल आणि दुकानाची रोजकीर्द

या विषयात मास्टर्सला खरंच काय शिकवतात, हे दोन उदाहरणांतून सांगतो.

पहिलं आहे मॅपरिड्यूस. गुगलच्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये त्यावर एक शोधनिबंध लिहिला. बिग डेटाच्या कुठल्याही कोर्सला तो वाचायला लावतात. त्यातली कल्पना मात्र तुम्ही टीव्हीवर दर निवडणुकीला बघता. मतमोजणी केंद्रात सगळी यंत्रं एकाच अधिकाऱ्यासमोर मांडत नाहीत. वेगवेगळ्या टेबलांवर वाटून देतात. प्रत्येक टेबल आपापल्या यंत्रातली मतं उमेदवारानुसार मोजतं, मग एका उमेदवाराचे सगळ्या टेबलांवरचे आकडे एका ठिकाणी आणून त्यांची बेरीज करतात. टेबलावरचं काम म्हणजे 'मॅप', बेरीज म्हणजे 'रिड्यूस'. झालं.

'एवढंच? यासाठी मास्टर्स?' असं वाटेल. थांबा. खरा अभ्यास इथून पुढे सुरू होतो. एका टेबलावरचा माणूस फारच हळू मोजत असेल तर अख्खा निकाल त्याच्यासाठी थांबणार का? त्या शोधनिबंधात यावर गमतीशीर उपाय आहे. काम संपत आलं की रेंगाळलेली कामं दुसऱ्या रिकाम्या मशीनलाही देऊन टाकायची, जो आधी संपवेल त्याचं उत्तर घ्यायचं. बरं, एखादं टेबल मधेच कोसळलं तर? त्याने आतापर्यंत मोजलेलं धरायचं की पुन्हा पहिल्यापासून? आणि एकाच टेबलावर निम्मा मतदारसंघ येऊन पडला, बाकीचे चहा पीत बसले, तर? या शेवटच्या भानगडीला 'स्क्यू' म्हणतात आणि नोकरीत डेटा इंजिनीअरची झोप उडवणारी ही सगळ्यात नेहमीची गोष्ट आहे. शहरांप्रमाणे विभागणी केली की मुंबईचा ढीग एका मशीनवर आणि गडचिरोलीचा मूठभर डेटा दुसऱ्यावर. कोड बरोबर असतो, तरी काम संपत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. नेहा नारखेडे पुण्यातल्या, पीआयसीटीच्या विद्यार्थिनी. तिथून इंजिनीअरिंग करून त्या अमेरिकेत जॉर्जिया टेकला मास्टर्सला गेल्या. पुढे लिंक्डइनमध्ये असताना जे क्रेप्स आणि जुन राव यांच्याबरोबर त्यांनी 'काफ्का' ही प्रणाली उभी केली. २०११ मध्ये ती ओपन सोर्स झाली. २०१४ मध्ये तिघांनी 'कॉन्फ्लुएंट' ही कंपनी काढली आणि २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदवली गेली. बातम्यांमध्ये त्यांची संपत्ती येते. आपण कल्पना बघू, कारण ती फार सुंदर आहे आणि तुमच्या गावच्या किराणा दुकानदाराला ती आधीपासून माहीत आहे.

जुन्या पद्धतीच्या दुकानात दोन वह्या असतात. रोजकीर्दीत दिवसभरात जे घडलं ते त्याच क्रमाने लिहायचं. खाडाखोड नाही, मधे काही घुसवायचं नाही, फक्त खाली खाली लिहीत जायचं. खतावणीत मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाचं स्वतंत्र पान, कोणाची उधारी आज किती हे तिथे दिसतं. आता समजा खतावणी पावसात भिजली. दुकानदार रडत बसत नाही. रोजकीर्द पहिल्या पानापासून वाचत जातो आणि नवी खतावणी तयार करतो. उलट मात्र होत नाही. नुसत्या खतावणीतल्या शिलकीवरून वर्षभरात काय काय घडलं हे सांगता येत नाही.

नेहमीचा डेटाबेस ही खतावणी आहे. काफ्का ही रोजकीर्द आहे. मोठ्या कंपनीत शेकडो प्रणाली एकमेकींना माहिती देत असतात. प्रत्येकीने प्रत्येकीशी वेगळी तार जोडायची म्हटली तर जाळ्याचा गुंता होतो. त्याऐवजी सगळ्यांनी घडलेली घटना एका रोजकीर्दीत लिहायची आणि ज्याला जी खतावणी हवी त्याने आपल्या सवडीने ती वाचून बनवायची. आता ही वही एका मशीनवर मावत नाही म्हणून दहा मशीनवर वाटली, तर 'आधी कोण, नंतर कोण' हा क्रम कसा टिकवायचा? एक मशीन गेलं तर त्याची प्रत कुठे? दोन प्रती जुळल्या नाहीत तर खरी कुठली? हे प्रश्न 'डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स' या विषयात येतात. तुम्ही अर्ज करताय त्या कोर्समध्ये हा विषय आहे का, हे बघा. नसेल, तर नावात कितीही 'बिग' असू दे.

टूल जातं, विषय राहतो

सिलॅबस बघा असा जो आग्रह धरतोय, त्याला कारण आहे. साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी बिग डेटा म्हणजे हडूप असं समीकरण होतं. डग कटिंग यांनी आपल्या मुलाच्या खेळण्यातल्या पिवळ्या हत्तीचं नाव या सॉफ्टवेअरला दिलं आणि तो हत्ती जगभर गाजला. क्लासेसच्या पाट्यांवर हत्ती आला, विद्यापीठांच्या पेपरांत 'हडूपचे घटक सांगा' आलं. तेवढ्यात बर्कलीमध्ये मातेई झहारिया यांनी २००९ पासून सुरू केलेल्या स्पार्कने तेच काम मेमरीत ठेवून कितीतरी वेगाने करून दाखवलं. मग क्लाउड आलं. २०१९ च्या सुरुवातीला हडूपवर उभ्या असलेल्या क्लाउडेरा आणि हॉर्टनवर्क्स या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचं विलीनीकरण पूर्ण झालं, त्याच वर्षी तिसरी, मॅपआर, एचपीईने विकत घेतली. ज्यांनी फक्त हडूपच्या कमांड्स पाठ केल्या होत्या त्यांची पंचाईत झाली. ज्यांना स्क्यू का होतो, डेटा नेटवर्कवरून हलवणं महाग का पडतं हे कळलं होतं, ते एका वीकेंडला स्पार्क शिकले.

आता हेच एआयच्या बाबतीत होतंय. पायथनचा साधा कोड, एसक्यूएलची सरळ क्वेरी चॅटबॉट लिहून देतो. ज्या कोर्समध्ये दोन वर्षं एवढंच शिकवतात, त्याची फी भरण्यात अर्थ राहिलेला नाही. चॅटबॉटने दिलेली क्वेरी चार टेबलं जोडताना नोंदी दुप्पट करतेय हे ओळखणं, हे काम अजून तुमचंच आहे.

दुसरा पाय संख्याशास्त्राचा. इथे कॉम्प्युटरवाली मंडळी नाक मुरडतात. 'एवढा डेटा आहे, मग सॅम्पलिंग कशाला?' त्यांच्यासाठी १९३६ सालचा किस्सा. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्या काळाच्या मानाने केवढा बिग डेटा! त्यावरून त्यांनी सांगितलं, लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते मुख्यतः टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते आणि मंदीच्या त्या काळात फोन-मोटार असलेला माणूस म्हणजे देशाचा सरासरी मतदार नव्हे. शिवाय ज्यांना राग व्यक्त करायचा होता तेच उत्तर पाठवत होते. डेटा वाढवून ही चूक कमी होत नाही, उलट चुकीवरचा विश्वास वाढतो. आज ॲपच्या रिव्ह्यूवरून 'ग्राहकांना काय वाटतं' हे काढणारा फ्रेशर नेमकी हीच चूक करत असतो. म्हणून कोर्समध्ये प्रोबॅबिलिटी, इन्फरन्स आणि लिनिअर अल्जिब्रा नुसता 'ब्रिज कोर्स' म्हणून पंधरा दिवसांत गुंडाळला असेल तर सावध व्हा. एम-थ्री आणि एम-फोर कसेबसे सुटलेत अशांनी घाबरायचं कारण नाही. पण ते टाळता येईल या आशेवर इकडे येऊ नका.

रस्ते कुठले?

आता मुद्द्याचं. सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात भक्कम रस्ता म्हणजे गेट. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, स्कोअर तीन वर्षं चालतो. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून परीक्षा देता येते, त्यामुळे टीईला असताना एकदा 'बघू तरी' म्हणून द्यायला हरकत नाही. कॉम्प्युटर सायन्सचा पेपर जुना आहेच. २०२४ पासून 'डेटा सायन्स अँड एआय' हा स्वतंत्र पेपर सुरू झालाय. तुम्ही गेट देणार नसलात तरी या पेपरचा सिलॅबस डाउनलोड करा. प्रोबॅबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस-ऑप्टिमायझेशन, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस आणि वेअरहाउसिंग, मशीन लर्निंग, एआय असा तो आहे. कुठल्याही खासगी कोर्सचं माहितीपत्रक याच्या शेजारी ठेवलं की फुगा किती आणि हवा किती ते लगेच कळतं.

गेटमधून एम.टेक.ला सरकारी योजनेतून दरमहा १२,४०० रुपये मिळतात. दोन वर्षांचे होतात २ लाख ९७ हजार ६००. चैन होणार नाही, पण मेसचं बिल घरून मागावं लागत नाही. आयआयटी मुंबईत कॉम्प्युटर सायन्सच्या दोन वर्षांच्या एम.टेक.ला देशात अगदी वरच्या क्रमांकांची स्पर्धा असते, हे खरं. मात्र तिथे रिसर्च असिस्टंट म्हणून तीन वर्षांचा मार्गही आहे. त्यात गेटबरोबर विभागाची चाचणी आणि मुलाखत असते आणि जरा मागची रँक असलेले पण कोडिंग पक्कं असलेले त्यातून जातात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'कॉम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेस' हा वेगळा विभाग आहे. नागपूरचं व्हीएनआयटी, आपले सीओईपी आणि व्हीजेटीआय यांच्या एम.टेक.लाही गेट स्कोअर चालतो. आयआयटीच्या खालचं काही दिसतच नाही असा चष्मा लावून बसलात, तर फॉर्मची तारीख निघून जाईल.

गेटच्या गर्दीत दोन संस्था झाकोळल्या जातात. एक, कोलकात्याची आयएसआय. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये सुरू केलेली. 'डेटा सायन्स' हा शब्द रुजायच्या कितीतरी आधीपासून तिथे हेच चाललंय. दुसरी, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, जिथे २०१८ पासून एम.एस्सी. डेटा सायन्स आहे. दोन्हींची स्वतःची प्रवेश परीक्षा असते आणि पेपर असा, की पाठांतरवाल्याला पहिल्याच पानावर घाम फुटतो. गणित आवडणाऱ्यांनी जुने पेपर काढून सोडवून बघा. मजा येते.

बीसीएस, बी.एस्सी., बीसीएवाल्यांचं काय? संगमनेर, बारामती, सांगलीकडच्या कॉलेजांतून हे विचारणारे खूप असतात, आणि बहुतेक करिअर मेळाव्यांत त्यांना कोणी उत्तर देत नाही. तीन वर्षांच्या पदवीवर बहुतेक एम.टेक.ला थेट जाता येत नाही. मधे एम.एस्सी. किंवा एमसीए लागतं. एमसीए आता दोन वर्षांचं झालंय, त्याची राज्याची सीईटी असते. पुणे विद्यापीठाच्या आवारातला संगणकशास्त्र विभाग बाहेर फारसा मिरवत नाही, पण तिथून निघालेल्यांना इंडस्ट्रीत मान आहे. स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी 'जॅम'चा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर द्यावा, त्यातून आयआयटी मुंबई किंवा कानपूरला जाता येतं. तिथे पोचलेल्या स्टॅट्सच्या मुलीला पायथन शिकायला तीन महिने लागतात. पायथन येणाऱ्याला स्टॅटिस्टिक्स शिकायला किती लागतात, ते विचारू नका.

सहा महिन्यांचा कोर्स करायचाच असेल तर सी-डॅकचा बिग डेटा ॲनालिटिक्सचा पीजी डिप्लोमा बघा. 'परम' महासंगणक बनवणारी ही संस्था आपल्या पुण्यातलीच, १९८८ सालची. प्रवेशाला सी-कॅट द्यावी लागते. कोर्स दिवसभराचा असतो, दमवतो. पण माझं मत असं, की ज्याचा पदवीचा पाया बरा आहे आणि ज्याला घरच्या परिस्थितीमुळे लवकर कमवायला लागायचंय त्याच्यासाठीच तो आहे. मास्टर्सला पर्याय म्हणून नाही. आणि 'जॉब गॅरंटी'वाल्या क्लासने पगारातून हप्ते कापायचा करार पुढे केला, तर तो करार घरी नेऊन शांतपणे वाचा. काउन्सिलर 'आजच शेवटचा दिवस' म्हणेल. म्हणू दे.

चाळीस लाखांचा प्रश्न

परदेशाचं गणित वेगळं. अमेरिकेत एम.एस. केल्यावर स्टेम विषयांना १२ अधिक २४ असे ३६ महिने काम करता येतं. पुढे एच-वन-बीची लॉटरी, वर्षाला एकूण ८५ हजार जागा, जगभरातून अर्ज. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. नियम बदलत राहतात, पण कर्जाचा हप्ता बदलत नाही. समजा ४० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं फेड. हप्ता येतो महिना ५४ हजारांच्या घरात. शिकत असतानाचं व्याज वेगळंच, पूर्ण रक्कम उचललेली असेल तर वर्षाला ४ लाख २० हजार. अमेरिकेत नोकरी लागली तर हे दोन-तीन वर्षांत फिटतं. परत यावं लागलं, तर भारतातल्या फ्रेशरच्या पगारातून हा हप्ता कसा जाणार, हा हिशेब आई-बाबांसमोर बसून कागदावर मांडा. घर तारण आहे ते त्यांचं.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते हे खरंय, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सेमिस्टरला १,५०० युरो लागतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून युरोपबाहेरच्यांना फी लावली आहे. शिवाय एपीएस प्रमाणपत्र हवं आणि वर्षाच्या खर्चाचे जवळपास १२ हजार युरो आधीच खास खात्यात अडकवून ठेवावे लागतात. नोकरी करत करत शिकायचं असेल तर जॉर्जिया टेकचं ऑनलाइन मास्टर्स आहे, २०१४ पासून सुरू. सगळी पदवी दहा हजार डॉलरच्या आत होते आणि ती अवघड आहे, 'ऑनलाइन' या शब्दावर जाऊ नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. सामाजिक न्याय विभागाच्या जाहिरातीकडे लक्ष ठेवा, मुदत थोडी असते. देशातच शिकणार असाल तर २०२४ च्या अखेरीस मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा. निवडक चांगल्या संस्थांसाठी तारण न ठेवता कर्ज मिळतं.

टायटॅनिक पुरे झालं

प्रवेशाच्या मुलाखतीत असो की नोकरीच्या, 'काय केलंयस?' हा प्रश्न येतोच. आणि दहापैकी नऊ जण सांगतात, 'सर, टायटॅनिक डेटासेट.' ८९१ ओळींची ती फाइल आहे. ते जहाज आणखी किती वेळा बुडवणार? एक्सेलमध्ये उघडते ती गोष्ट बिग डेटा म्हणून सांगू नका.

तुमच्या लॅपटॉपच्या मेमरीत न मावणारा डेटा घ्या, म्हणजे विषय आपोआप शिकाल. न्यूयॉर्कच्या टॅक्सीफेऱ्यांच्या नोंदी महिन्यागणिक फुकट मिळतात. वर्षभराच्या उतरवा आणि बघा, नेहमीचा कोड कसा गुडघे टेकतो. मग तो तुकड्यातुकड्यांनी वाचायला शिका, मग स्पार्कवर न्या, आणि दोन्हीला लागलेला वेळ लिहून ठेवा. कधी कधी स्पार्कच हळू निघेल. का, हे शोधलंत तर मुलाखतीचं अर्धं काम झालं.

किंवा घरचंच काहीतरी घ्या. पुण्याच्या हवामान विभागाकडे १९०१ पासूनचा देशभराचा दैनंदिन पाऊस चौकटी-चौकटींत मांडलेला मिळतो. तुमच्या तालुक्याच्या चौकटीत जूनचा पाऊस खरंच पुढे सरकलाय की आजोबांना तसं वाटतंय, हे तपासता येतं. ॲगमार्कनेटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव आणि आवक असते. लासलगावच्या कांद्याची मालिका काढा. पहिल्याच दिवशी लक्षात येईल की मधले कित्येक दिवस गायब आहेत. तिथे शून्य भरायचं नाही. त्या दिवशी रविवार होता, सण होता की व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते, हे जुन्या पेपरांत शोधून नोंदवायचं. मग भावाचा अंदाज सांगणारं मॉडेल बनवा, ते नोव्हेंबर २०२३ पर्यंतच्या डेटावर शिकवा आणि त्यापुढचे महिने ओळखायला लावा. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी झाली आणि ती ४ मे २०२४ ला उठली. या पाच महिन्यांत तुमच्या मॉडेलचा आलेख आणि लासलगावचा खरा भाव एकाच कागदावर काढा, आणि तो कागद मुलाखतीला सोबत न्या.